भागोजींची पट्टी


आजचं वाचन : श्री साईसच्चरित, अध्याय ७

मित्रांनो, गोष्ट पाठ आहे ना? १९१० ची धनत्रयोदशी, शिर्डीची मशीद. बाबांनी एकाएकी धुनीत हात घातला आणि दूर कुठेतरी भट्टीत पडलेलं लोहाराचं पोर वाचलं. आपण हात जोडतो, पान उलटतो. मी मात्र पुढच्या ओव्यांत अडकते.

नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंदांना आणलं. बाबांनी पट्टी सोडूच दिली नाही. (म्हणून कुणी औषध सोडू नका हं! ते बाबा होते.) पट्टी बांधायचे भागोजी शिंदे. त्यांना कुष्ठरोग, ज्यात हातांची संवेदनाच जाऊ शकते. गाव ज्याच्यापासून लांब राहतं, त्याच्या हातात बाबांनी आपला हात दिला. तूप चोळायचं, पान ठेवायचं, पट्टी बांधायची. हात बरा झाला तरी रोज. १९१८ ला बाबांनी देह ठेवला तोपर्यंत.

माझं मनगटाचं हाड कधीच जुळलंय. एक्स-रे स्वच्छ. पण ओढणीचा काठ घासला तरी हात पेटतो. डॉक्टर याला सीआरपीएस म्हणतात. जखम भरते, मज्जासंस्था मात्र धोक्याची घंटा वाजवतच राहते. फिजिओथेरपी चालू आहे. "दिसत तर काही नाही," हे वाक्य घरोघरी ऐकते.

भागोजींना काही दिसायची गरज पडली नाही, एवढंच मला त्या ओव्यांत दिसतं.

रोज सकाळी आई माझी वेणी घालते. विचारत नाही, आज दुखतंय का. मीही आता न सांगता तिच्यापुढे जाऊन बसते.