दार आणि खुर्ची

आपली भाषा मोठी चतुर आहे. एकाच गुणाला ती माणूस पाहून नाव देते. मुलगा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की तो जिद्दी, मुलगी लागली की ती हट्टी. त्याने चारचौघांत स्वतःचे काम सांगितले तर त्याला आत्मविश्वास आहे. तिने सांगितले तर ती फार पुढे पुढे करते. त्याला वरची जागा हवी असेल तर तो कर्तबगार. तिला हवी असेल तर, "हिला घरात काय कमी आहे?" असा प्रश्न. हा दुहेरी हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की तो मांडताना आपण अन्याय करीत आहोत असे पुरुषांना वाटत नाही, आणि पुष्कळदा बायकांनाही वाटत नाही.

महत्त्वाकांक्षा चांगली की वाईट, यावर शहाण्यांनी वाद घालावा. पण माणूस बदलताच ज्या प्रश्नाचे उत्तर बदलते, तिथे आधी पाहणाऱ्याचे डोळे तपासले पाहिजेत.

कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमलाबाई सोहोनी, यांची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. नामंजूर करणारे संचालक सर सी. व्ही. रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंच केली होती. मुलगी बंगलोरला गेली आणि त्यांच्या दारात सत्याग्रहाला बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून गणले जायचे नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही.

शेवटची अट जरा थांबून पाहण्याजोगी आहे. बाजूच्या टेबलावरच्या विद्यार्थ्याचे चित्त विचलित झाले, तर दंड तिने भरायचा! शिवाय त्या वर्षात ती एकटी परीक्षेला बसली नव्हती. तिच्या मागून येऊ पाहणाऱ्या साऱ्या मुलींना ती जामीन होती. एखादा विद्यार्थी नापास झाला तर तो एकटा नापास होतो. त्याच्यामुळे उद्या पुरुषांना प्रवेश बंद होत नाही. मुलगी चुकली की मात्र "मुली अशाच" असा निकाल लागतो. न केलेल्या कर्जाला असे जामीन राहायला लावणे हा मला अपमानाहूनही मोठा अन्याय वाटतो.

कमलाबाई त्या परीक्षेत उतरल्या. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक कडक शिस्तीचे होते, पण विद्या द्यायला उत्सुक. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. आज घरोघरी चकलीच्या भाजणीत पडणारी डाळ ही त्यांच्या अभ्यासाची वस्तू होती! पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे त्यांनी दाखविले, आणि जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

रामन यांचे मतही बदलले. इतकेच नव्हे, पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत मुली आल्या. चुकीची वाट सोडण्याचा मोठेपणा त्यांनी दाखविला, हे मान्य केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "मग बरेच झाले की! अडथळा नसता तर कमलाबाई इतक्या तेजाने चमकल्या असत्या का? सोने आगीतूनच उजळते." हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण आगीतून बाहेर आलेले सोनेच आपल्याला दिसते. नकाराचे पत्र उघडून, घडी घालून पेटीत ठेवणारी, आणि वडिलांनी ठरविलेल्या स्थळाला मुकाट्याने होकार देणारी मुलगी आपल्या हिशेबात येतच नाही. तिच्या घरात नोबेल मिळविणाऱ्याशी वाद घालायला पाठबळ देणारे वडील नव्हते, एवढाच तिचा उणेपणा.

शिवाय दार उघडले म्हणून वाट सरळ होत नाही. अ‍ॅना मणी १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशावर त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले, प्रबंध लिहिला. पण एम. एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या हवामानाच्या उपकरणांच्या क्षेत्रात आल्या, १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आता खुर्चीविषयी. बाईचे कामावरचे प्रेम आपण हल्ली कौतुकाने पाहतो, "किती राबते बिचारी!" म्हणतो. पण तिने पद मागितले की कपाळाला आठी पडते. कमलाबाईंनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वर्षानुवर्षे शिकविले, नीरेवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. तरी संचालकपद मिळायला चार वर्षांचा उशीर झाला. कामाची भूक सात्त्विक आणि पदाची भूक तामसी, अशी वाटणी आपण बायकांसाठी करून ठेवली आहे. बंगलोरची गोष्ट पुन्हा आठवून पाहावी. श्रीनिवासय्यांजवळ विद्या होती, पण दाराची किल्ली संचालकाच्या खुर्चीपाशी होती. विद्या शिकवू शकते. कोणाला शिकू द्यायचे हे खुर्ची ठरविते. म्हणून आपल्यामागून येणारीला दारात बसावे लागू नये अशी जिची इच्छा आहे, तिने खुर्ची मागणे हा लोभ नव्हे. ते तिचे कर्तव्यच आहे.

आणि खुर्ची मिळाल्यावर? तिथेच खरी कसोटी आहे. "मी सोसले, हिनेही सोसावे," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बाया कचेऱ्यांत आहेत, तशा सासूच्या रूपाने घरांतही आहेत. सोसण्याची ही वारसदारी थांबविणारी बाई मला खरी गुरू वाटते. ती चुका दाखवील, काम करवून घेईल, रागावेलसुद्धा. पण शिष्येची चूक ही त्या एकटीची चूक मानील, आणि तिचे काम चारचौघांत तिच्याच नावाने सांगेल. पुरुष वरिष्ठालाही याहून वेगळे काही करायचे नाही.

सणाला आज घर भरलेले असेल. एखादी भाची, पुतणी नव्या नोकरीविषयी उत्साहाने सांगू लागेल, वरच्या जागेसाठी अर्ज केला आहे असेही म्हणेल. "घरचे कसे सांभाळशील?" हा प्रश्न तोंडात येईल, तो फराळाच्या घासाबरोबर गिळावा, आणि त्या जागेसाठी काय काय लागते, आपल्या ओळखीचे कोणी तिथे आहे का, हे तिला विचारावे.