हाच तो!

डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात, देवघराला लागून असलेल्या खोलीत, एक छायाचित्र कित्येक वर्षे भिंतीवर टांगलेले होते. मुरगावच्या धक्क्यावर एक उघडी मोटार उभी आहे, तिच्या दारावर हात ठेवून आमचे आजोबा उभे आहेत, आणि मोटारीच्या बॉनेटवर ठळक पांढरा सातचा आकडा आहे, असे ते चित्र. आजोबांनी तरुणपणी शर्यतीची मोटार हाकली, ही आमच्या घरातील कथा त्या एका आकड्याच्या आधाराने उभी होती. आम्ही मुलांनी ती ऐकली, शाळेत सोबत्यांना सांगितली, आणि सांगता सांगता तिच्यात भरही घातली.

वास्कोला राहणारे एक स्नेही घरी आले होते. जुन्या छायाचित्रांवरून शर्यतीच्या मोटारी ओळखण्याचा त्यांना नाद आहे. त्यांनी चित्र खाली उतरविले, उजेडात नेले आणि भिंगातून बराच वेळ पाहिले. मग हलक्या आवाजात ते म्हणाले, की ही शर्यतीची मोटार नव्हे. तिला चार दारे आहेत, चढण्यासाठी फुटबोर्ड आहे, मागे दुमडलेला टप आहे, बाजूला स्टेपनी आहे. शर्यतीला जाणारा मनुष्य यांतले जे जे काढता येईल ते काढून टाकतो. आणि तो सातचा आकडा रंगाचा नसून खडूचा दिसतो.

आत्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “बाबा फट कित्याक सांगतले?”

वडील खोटे कशाला सांगतील, या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. वृद्ध स्त्रीच्या मनातील एक निरुपद्रवी अभिमान भिंगाच्या एका काचेने हिरावून घ्यावा, हे योग्य की अयोग्य? सत्य सांगितलेच पाहिजे असे आपण मुलांना शिकवितो. पण ज्या सत्याने कोणाचे काही साधत नाही, ते सांगण्याचे कर्तव्य कोठून येते? त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आलो आहे.

प्रथम या मंडळींचा उद्योग कसा चालतो ते पाहू. त्यांच्यापुढे येते ते एखादे पिवळे पडलेले चित्र. पाठीवर नाव नाही, साल नाही. ते चाकांचे आरे मोजतात, बॉनेटवरील हवेच्या फटी मोजतात, रेडिएटरचा आकार न्याहाळतात. १९२४ साली लियाँच्या शर्यतीत उतरलेली बुगाटी कंपनीची मोटार घोड्याच्या नालासारख्या रेडिएटरवरून आणि आठ रुंद आऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवरून ओळखता येते. पूर्वीच्या छायाचित्रांत तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा फिकट. म्हणून काळी दिसणारी मोटार इटलीची तांबडी असू शकते, आणि पांढरट दिसणारी फ्रान्सची निळी. काच उलटी धरून चित्र छापले गेले असेल, तर डावे ते उजवे होते. अशा वेळी प्रेक्षकांच्या कोटांची बटणे पाहूनही निर्णय करावा लागतो. आपल्याकडे जुहू, शोळवरम, बराकपूर येथील धावपट्ट्यांवर स्वातंत्र्यानंतरच्या काळात ज्या शर्यती झाल्या, त्यांच्या चित्रांवरही असेच परिश्रम होतात.

या कामात मोह पदोपदी आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३५–३६ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन आसनांची एक देखणी मोटार घडवून घेतली. ड्यूसेनबर्गने १९२१ साली फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली होती, हे खरे. महाराजांच्या मोटारीचा बाण सुटावा तसा आकार पाहून कोणीही तिला शर्यतीची म्हणेल. पण ती एका रसिक राजाच्या प्रवासाची मोटार होती. कुळाचा पराक्रम तो प्रत्येक व्यक्तीचा पराक्रम नव्हे, ही गोष्ट माणसांप्रमाणे मोटारींनाही लागू आहे.

आता ‘ओळखणे’ म्हणजे काय, याचा आपल्या शास्त्रकारांनी फार सूक्ष्म विचार केला आहे. त्यांचा शब्द प्रत्यभिज्ञा. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज येथे दिसला, म्हणजे आपण म्हणतो, ‘हाच तो’. या दोन शब्दांत दोन ज्ञाने एकत्र आली आहेत: ‘हा’ डोळ्यांपुढे आहे, ‘तो’ स्मरणात आहे. काशी आणि ही जागा, तेव्हाचे तारुण्य आणि आताचे वार्धक्य, हे विरोधी अंश बाजूला सारून जो उरतो तो देवदत्त, असे वेदान्ती सांगतात.

बौद्धांनी याला हरकत घेतली. दिव्याची ज्योत रात्रभर एकच दिसते. वस्तुतः ती क्षणोक्षणी नवी असते. सारखेपणाला आपण एकपणा समजतो, एवढेच. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाचाच दृष्टान्त देऊन विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? आज तोच प्रश्न मोटारीच्या संदर्भात न्यायालयापुढे येतो, हे ऐकून त्या भिक्षूला आश्चर्य वाटले नसते.

तो आला, तो असा. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत बेंटली कंपनीच्या एका मोटारीने जिंकली. ‘ओल्ड नंबर वन’ हे तिचे नाव. शर्यतीच्या मोटारीची दर हंगामात मोडतोड आणि जोडणी होते; हिचीही झाली. इंजिन बदलले, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या मार्गावर तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, आणि त्यानंतर तिला निराळाच साज चढला. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा घेणारा म्हणाला, ‘ही ती नव्हेच, त्या वेळचे हिच्यात उरले आहे किती?’ लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला, की हिला ‘मूळची’ म्हणता येणार नाही, परंतु ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव मात्र हिचेच. तुकडे एकेक करून बदलले, पण मोटारीचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही. आणि त्या नावावर न्याय्य हक्क सांगणारी दुसरी मोटारही नाही.

आपल्या देशाचा नियम याहून कडक आहे. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत सुधारणा केली, तीप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, आणि सांगाडा, साटा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली मोटारच ‘व्हिंटेज’ या वर्गात नोंदविता येते. एक न्याय परंपरेकडे पाहतो, दुसरा द्रव्याकडे.

गोमंतकातील वाचकाला यांतला कोणता न्याय जवळचा वाटेल, हे मी सांगावयास नको. मुरगाव तालुक्यातील कुठ्ठाळी हे श्रीमंगेशाचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात देव खाडी ओलांडून प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, सांकवाळचा नरसिंह वेलिंगला गेला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर आमच्या डिचोलीच्या नार्व्यात आला आणि शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याचे देवालय उभारविले. भिंती नव्या, भूमी नवी, शिखर नवे. तरीही चारशे वर्षांत एकाही महाजनाने ‘हा तोच देव काय?’ असे विचारले नाही. मूर्ती भंगली तर तत्त्व विधिपूर्वक कलशात घेऊन नव्या मूर्तीत त्याची प्रतिष्ठा करावी, असे आपले शास्त्र आहे. दगड बदलतो, सेवा खंडित होत नाही.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. परंपरा हा आधार आहे, म्हणून कोणीही उठून परंपरा सांगावी असे नाही. देव कोणत्या गावाहून निघाला, कोणी नेला, कोणत्या कुळांनी पूजा चालविली, याची साक्ष पिढ्यानुपिढ्या जपली गेली, म्हणून आपला ‘हाच तो’ खरा. ज्या मोटारीची साखळी मधेच तुटली आहे, तिला जुना क्रमांक ठोकून ‘हीच ती’ म्हणणे ही चोरी आहे. ती चोरी प्रथम खऱ्या मोटारीची, कारण तिचे नाव दुसरीला दिले. आणि हे आपल्या लक्षात येत नाही, पण ती चोरी त्या दुसरीचीही आहे. कारण तिचे स्वतःचे जे नाव, जो साधासुधा इतिहास, तो कायमचा पुसला गेला.

आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. निरुपद्रवी असत्य म्हणून ज्याला आपण गोंजारतो, ते कोणाला तरी झाकून टाकीत असते. आमच्या कथेने कोणाला झाकले होते?

स्नेह्यांनी त्या दिवशी चित्र लगेच खाली ठेवले नव्हते. शर्यतीची मोटार नव्हे, एवढे सांगून थांबणे त्यांना अर्धे काम वाटले असावे. त्यांनी दाखविले, की मोटारीमागे जहाजाची यारी आहे, चाकांखाली दोराचा फास अजून पडलेला आहे. म्हणजे मोटार नुकतीच जहाजावरून उतरली आहे. उतरलेल्या नगांवर खडूने आकडे घालण्याची रीत असते. हा सातवा नग असावा. ‘असावा’ हा शब्द त्यांनी जपून उच्चारला. आणि आजोबांचा एक हात दारावर आहे, तर दुसऱ्या हातात, इतकी वर्षे आम्ही ज्याकडे पाहिलेच नाही, ती एक लांबट वही आहे.

आत्यांनी भिंग हाती घेतले. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, की बाबा धक्क्यावर उतरणारा माल मोजून वहीत टिपीत, हे त्यांना ठाऊक होते. घरी आल्यावर त्यांच्या बोटांना शाई असे. शर्यतीची गोष्ट बाबांनी स्वतः सांगितल्याचे मात्र त्यांना आठवेना. ती आम्हीच कोणीतरी रचली होती.

उन्हातान्हात उभे राहून नगांची बिनचूक नोंद ठेवणारा मनुष्य आम्ही विसरलो होतो, आणि त्याच्या जागी कधीही नसलेला एक वीर आणून बसविला होता. चित्र पुन्हा त्याच खिळ्याला लावले आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा आत्या सांगतात, “हे म्हजे बाबा,” आणि वहीकडे बोट दाखवितात.