आधी हात, मग चेहरा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलाचं शिकणं हातांच्या उद्योगातून व्हावं, ही गांधीजींची कल्पना तिथे चर्चेला आली. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनाने ही 'वर्धा योजना' उचलून धरली. ठराव इतिहासाच्या पुस्तकांत गेला. त्याच अधिवेशनात शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची चित्रं जागोजागी लागली होती: सुतार, चांभार, ढोलवाला, पैलवान, दळणारी बाई. चित्रांचा इतिहास लिहिणारे ठरावाकडे बघत नाहीत आणि शिक्षणाचा लिहिणारे चित्रांकडे. मला मात्र दोन्हींचं म्हणणं एकच वाटतं आणि ते सगळ्यांत स्वच्छ दिसतं नंदलालांच्या रंगात.

माणूस रंगवायचा म्हणजे कातडीचा रंग जमला पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे जे. जे. स्कूलच्या शिकवणीतून रुजली. ती काही वाईट नव्हती. सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली बाई आठवून पाहा. म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात हे जलरंगातलं चित्र आहे. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं उजेडाने आतून तांबूस झालेली, तोच उजेड चेहऱ्यावर पोचलेला. एकावर एक पातळ थर चढवत हळदणकरांनी ही झाक आणली. इथे रंगाचं काम उजेडाची बातमी देणं.

नंदलालांनी रंगाला हे काम दिलंच नाही. गेरू, पिवडी, पांढरी खडी, काजळी असे बहुतेक मातीतले रंग चिकट द्रावात कालवून त्यांनी हातकागदावर लावले. हा टेंपेरा. तो लावला की सुकतो. गालाची गोलाई हळूहळू गडद करत न्यावी, तर तेवढा ओलावा हाताशी राहत नाही. मग गोलाई आणायची ती रेषेने. कुंचला दाबला की रेषा जाड, उचलला की बारीक, आणि त्या दाबण्या-उचलण्यातच दंड, पोटरी, पाठीची कमान. रेषेने अंग सांभाळलं म्हटल्यावर रंग मोकळा झाला. माणूस गोरा की सावळा, सकाळ आहे की दुपार, हे सांगण्याचं ओझं त्याच्यावर उरलं नाही.

ढोलवाल्याचंच चित्र घ्या. ढोल मोठा, अंग त्याच्याभोवती वळलेलं. मागे सपाट रंग. ना आकाश ना जमीन. त्याचा चेहरा झाकून बघितला तरी माणूस ओळखू येतो, कारण तो सगळा कोपर आणि मनगटात आहे. हात झाकले, तर मात्र चित्रात कुणीच उरत नाही.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. पोळ्याला बैलाच्या पांढऱ्या अंगावर गेरूचे ठिपके उमटतात, तेव्हा बैलाचा रंग असा असतो का, असं कुणी विचारत नाही. वर्षभर राबलेल्या अंगाचा तो मान असतो. हरिपुऱ्याचे रंग मला या जातीचे वाटतात.

ही मूळ चित्रं ऐंशीच्या वर. शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती धरून आकडा चारशेच्या आसपास जातो. इतक्या भराभर काढायचं तर साधेपणा लागणारच, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण साधेपणा कुठे आणायचा, हे चित्रकारच ठरवतो. नंदलालांनी तो चेहऱ्यात आणला, हातात नाही.

याची किंमतही पडली, ती झाकून ठेवू नये. हरिपुऱ्याच्या माणसाला काम आहे, थकवा नाही. सुतार सुताराचं काम करतो. घरी त्याला काय दुखतं, हे चित्र विचारत नाही. तो प्रश्न पुढे ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांनी धरला. २००५ पर्यंत व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या चित्रकाराची कामकरी माणसं जड आहेत, शिणलेली आहेत, आणि प्रत्येकाचा शीण वेगळा आहे. मला स्वतःला पटवर्धनांची माणसं जास्त जवळची वाटतात. तरी हातापासून माणूस उभा करण्याची धमक नंदलालांची.

ही धमक सेवाग्रामात आली १९४४ साली. शांतिनिकेतनात नंदलालांकडे शिकलेले देवीप्रसाद वर्धा योजना चालवणाऱ्या हिंदुस्थानी तालीमी संघात कलाशिक्षक म्हणून दाखल झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. या कामातून त्यांचं 'शिक्षा का वाहन : कला' हे पुस्तक झालं. मोठ्यांचं चित्र मुलांपुढे नमुना म्हणून ठेवू नये, हा त्यांचा आग्रह. तो नुसता लाडाचा नव्हता. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई काढताना लहान मूल तिचे हात पायांहून लांब काढतं आणि लुगड्याला हाताशी असेल तो रंग फासतं. ते प्रमाणात चुकतं, पण त्याला कामाचा जोर कुठे आहे ते कळलेलं असतं. गुरुजींनी हात आखूड करायला लावले, तर त्या बाईची बादली वर येणार नाही.