बांध आणि पश्चात्ताप

शिरवळजवळ आजोबांची थोडी जमीन होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. एका वर्षी सलग दोन महिने भाकरीची थाळी समोर आली, की आजोबा ती तशीच पुढे सरकवत. आजीनं काही विचारलं नाही. तिसऱ्या महिन्यात, आदल्या शनिवारी सकाळी ते फावडं आणि मापाची दोरी घेऊन शेजारच्या तात्यांकडे गेले. दोरीचं एक टोक धरायला मला नेलं होतं.

"तात्या, बांध मी कोरलाय. दर नांगरटीला एकेक तास तुमच्यात सरकत आलो."

"मला काय दिसत नव्हतं व्हय?" तात्या म्हणाले.

हद्दीच्या दगडापासून दोरी ताणली. दोन हात रुंदीची पट्टी निघाली. तिच्यात आजोबांची ज्वारी उभी होती. "तीबी तुमचीच," म्हणून त्यांनी दुपारपर्यंत नवा बांध घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी घेतली.

पश्चात्ताप या मराठी शब्दात ताप आहे, मागाहून होणारी जळजळ. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतला शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुन्या कराराच्या हिब्रूत तर 'शूव' म्हणजे सरळ मागे फिरणं. तो पायांचा शब्द आहे. मला हे तिन्ही लागतात, पण नुसत्या तापाची भीती वाटते. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही तो झाला होता. त्यानं चांदीची तीस नाणी मंदिरात परत फेकली, चूक कबूल केली आणि गळफास लावून घेतला. येशूला धरलं त्याच रात्री पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं आणि तो ढसाढसा रडला. जळजळ दोघांचीही खरी. पण यहूदा गेला याजकांकडे, ज्यांना त्याच्या दुःखाशी देणंघेणं नव्हतं. पेत्र मात्र पुढे सरोवराच्या काठी, ज्याला नाकारलं त्याच्याच समोर उभा राहिला आणि तीनदा विचारलेल्या प्रश्नाला त्यानं तीनदा उत्तर दिलं. ख्रिस्ती पश्चात्ताप मला या काठावर कळतो. दुखावलेल्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं.

शिरवळच्या बौद्ध लेण्यांत गेलो की आणखी एक गोष्ट आठवते. वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, भिक्षू एकमेकांना विनवत असत: माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून मागून घ्यायची! दिवाळीच्या तोंडावर येणारी ही प्रथा आम्ही ख्रिस्ती लोकांनी शिकावी अशी आहे.

पश्चात्ताप ही धर्मात शिरण्याची पायरी, एकदा चढली की झालं, असं आमच्यातही अनेकांना वाटतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला आठेक वर्षं गेली. एवढ्या विदुषीनं हे जगासमोर मांडावं, याचं मोल मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठं वाटतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 च्या अखेरीस मुली रात्रीतून उठून रडत प्रार्थना करू लागल्या. एकीला अंगात आग पेटल्यासारखं झालं, आणि ती खरंच पेटली असं समजून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, अशी आठवण सांगतात. त्या बादलीवाल्या मुलीचा मला फार लळा आहे. पेटलेल्या माणसाजवळ कुणीतरी धावून यावंच लागतं.

आणि ना. वा. टिळक. बाप्तिस्मा 1895 चा, कवी म्हणून नाव झालेलं, मिशनची पगारी नोकरी. 1917 मध्ये ती सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त तिथं एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. याला कुणी पश्चात्ताप म्हणणार नाही. मी म्हणतो. बावीस वर्षं ख्रिस्ती राहून, आपण चाललो त्या वाटेवर ख्रिस्त आणि आपली माणसं यांच्यात अंतर पडलंय असं वाटल्यावर पन्नाशी उलटल्यावर मागे फिरायचं, याला दुसरा शब्द मला सापडत नाही. पुढे त्यांना दोनच वर्षं मिळाली.

आजोबांना मात्र बरीच मिळाली. दर वर्षी नांगरट झाली, की ते संध्याकाळी दोरी घेऊन निघत. तात्या ओट्यावरून ओरडत, "अहो, आहे तिथंच आहे की बांध!" आजोबा मान हलवत आणि दगडापासून मोजायला लागत.