बघितलं, पण दिसलं नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, गेल्या वर्षीच्या जयंतीची एक गोष्ट मनातून जात नाही. ती आधी सांगतो.

महाप्रसादाच्या पंगतीची जबाबदारी माझ्याकडे होती. पत्रावळी किती उरल्या, भात पुरेल का, पुढच्या पंगतीला किती माणसं, सगळं लक्ष त्या मोजणीत. माझी थोरली ताई, वय वर्षं ७६, रोह्याहून एस.टी.ने येऊन वडखळ नाक्यावर उतरली आणि रिक्षाने देवळात आली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. कुणीतरी खुर्ची देईल म्हणून मंडपाच्या खांबाला धरून उभी राहिली. शेवटी दर्शन घेऊन, न जेवताच परत गेली. रात्री फोनवर म्हणाली, "अरे, तू तीनदा माझ्या समोरून गेलास. एकदा तर माझ्याकडे बघितलंससुद्धा."

मला ती दिसली नव्हती, हे देवाच्या पायाशी हात ठेवून सांगतो. पण ताईचंही खोटं नव्हतं. मग खरं काय?

उत्तराचा धागा नातीने दिला. ती मानसशास्त्र शिकते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीत काही मुलं चेंडू एकमेकांकडे टाकताहेत. काहींचे सदरे पांढरे, काहींचे काळे. प्रेक्षकांनी एकाच रंगाच्या संघाचे झेल मोजायचे. मध्येच गोरिल्ल्याचा वेष घातलेलं एक माणूस खेळणाऱ्यांमधून चालत जातं. नंतर विचारलं, तर जवळजवळ निम्म्या लोकांना गोरिल्ला दिसलाच नव्हता! आमच्याकडे सूनबाईंना दिसला नाही, त्यांनी झेल मात्र अचूक मोजले.

वाटेल, ही नवख्यांची गत. पण २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन वाचणाऱ्या २४ तज्ज्ञ डॉक्टरांना फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितल्या. त्या चित्रांत गाठीपेक्षा कितीतरी मोठा गोरिल्ला घातला होता. २० जणांना तो दिसला नाही. त्यांची नजर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं होतं. त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिल्ल्यावर पडून गेली होती.

म्हणजे ताई म्हणाली ते खरं, आणि मी म्हणालो तेही खरं. बघतात डोळे, दिसतं ते मनाला. आणि मन मोजणीला बसलेलं असलं, की दारात आलेलं माणूसही आत पोचत नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यातला एक बाण करणारा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका गढला, की शेजारून राजा गेला तरी त्याला कळलं नाही. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहावा, तसाच. श्वास रोखून बसलेला असतो. त्याला हाक मारू नये.

मला प्रश्न पडला तो इथे. त्या कारागिराला राजा दिसला नाही, तर तो गुरू झाला. मला बहीण दिसली नाही, तर मी कोण?

राजाला त्याच्याकडून काही नको होतं. ताईला माझ्याकडून एक खुर्ची हवी होती. एकाग्रता दोघांचीही तीच. पण तिची किंमत त्याच्या बाबतीत कुणालाच मोजावी लागली नाही, माझ्या बाबतीत ताईने मोजली. न दिसणं हे पाप नव्हे, मनाची ती घडणच आहे. पण "मला सगळं दिसतंय" या भरवशावर पंगत चालवणं, ही चूक माझीच.

मग यंदा अधिक सावध राहावं का? तेही पुरत नाही. सायमन्स यांनी २०१० साली नवी चित्रफीत केली. गोरिल्ला येणार हे ठाऊक असणाऱ्यांना तो दिसला. पण मागच्या पडद्याचा रंग बदलला आणि एक खेळाडू निघून गेला, हे त्यांतल्याही बहुतेकांना कळलं नाही.

मला वाट दाखवली ती अवधूतानेच. तो कारागीर गुरू कसा झाला? कारण त्याला पाहणारं कुणीतरी तिथे होतं. पृथ्वी, कबुतर, पतंग, मधमाशी हे सगळं ज्याला दिसलं, त्या अवधूताच्या हातात कसलंच काम नव्हतं, कसलीच मोजणी नव्हती. एक मन लावून करणारा हवा आणि एक रिकाम्या हाताने पाहणारा हवा.

म्हणून मंडळींना विनंती केली आहे, की यंदा पंगतीत दोघांना काहीच काम देऊ नये. त्यांनी फक्त उभं राहून पाहावं, कोण खोळंबलंय, कोण टेकायला जागा शोधतंय. आपण म्हातारी माणसं घरात म्हणतो, "आता आपल्याकडे काय काम राहिलं?" काम राहिलेलं नाही, म्हणूनच हे काम आपलं. घरातही सगळे आपापल्या मोजणीत असतात. नातवाचा उतरलेला चेहरा आधी आजीलाच दिसतो.

दत्तमहाराज भिक्षेकऱ्याच्या रूपाने दारी येतात, अशी आपली श्रद्धा. ते खांबाला धरून उभे असतील, तर कुणाला तरी दिसायला हवेत.

ताईला फोन केला आहे. ती येणार आहे. नाक्यावर घ्यायला मी स्वतः जाणार. पत्रावळी दुसरं कुणी मोजेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥