गोष्ट सांगणाऱ्याचा स्वतःचा पत्ता

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीताचे विद्यालय उभे केले, त्यामागे त्यांचा एक हट्ट होता. घराण्यांच्या मुठीत राहिलेल्या बंदिशी कागदावर याव्यात, ज्याला शिकायच्या आहेत त्याला त्या मिळाव्यात. आज त्या कॉलेजचे भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ झाले आहे. पॉडकास्टविषयी लिहिताना मला हा हट्ट आठवतो, कारण या माध्यमाच्या मुळाशीही तोच आहे. आवाज कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न इथे तंत्रानेच सोडवलेला आहे. आपण तो पुन्हा बिघडवत आहोत, ही माझी तक्रार आहे.

आधी हे चालते कसे ते पाहू. ध्वनिमुद्रित भाग इंटरनेटवरच्या एखाद्या सर्व्हरवर ठेवतात. त्याच्या जोडीला साध्या मजकुराची एक छोटी फाइल असते, तिला फीड म्हणतात. ती उघडून पाहिली तर निराशाच व्हावी इतकी साधी असते: भागाचे नाव, तारीख, दोन ओळींची माहिती, ध्वनिफाइलचा पत्ता, तिचा आकार आणि प्रकार. नवा भाग आला की वर एक नोंद वाढते. अ‍ॅप ठरावीक वेळाने हा मजकूर तपासते आणि नवी नोंद दिसली की ती श्रोत्यापुढे ठेवते. या रचनेचे नाव आरएसएस. तिच्यात ध्वनिफाइल जोडण्याची सोय २००० च्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी केली आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. आपल्याकडे एकट्या माणसाला रेडिओ केंद्राचा परवाना मिळत नाही आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फीडला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

लखनौसारख्या शहराला हे माध्यम मानवण्याजोगे आहे. इथल्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानचे खंड छापायला घेतले. ते लिहिणारे मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर हे मुळात दास्तानगो, म्हणजे लांबलचक कथा तोंडी सांगणारे. त्यांचे शब्द हजारो पानांत टिकले. ते कुठे थांबत, कुठे आवाज उतरवत, ते छापता आले नाही. २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी दिल्लीत दास्तानगोईला नवा जन्म दिला. लखनौचे हिमांशू बाजपेयी तीच कला करतात. शहरातल्या सामान्य माणसांचे किस्से सांगणाऱ्या त्यांच्या ‘किस्सा किस्सा लखनउवा’ या पुस्तकाला २०२१ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. लखनौचेच नीलेश मिश्रा २०११ पासून ‘यादों का इडियट बॉक्स’मधून एफएमवर गोष्टी सांगू लागले आणि नुसत्या आवाजावर तरुण श्रोते खिळून राहतात हे दिसले. पण रेडिओवर गोष्टीला वेळेची चौकट सांभाळावी लागते. दास्तान रात्रभर चालणारी. पॉडकास्टमध्ये ती अडचण उरत नाही.

या माध्यमात गमावण्यासारखेही आहे, ते मी लपवणार नाही. दास्तानगोला समोरून दाद मिळते, तिच्यावर तो पुढचा प्रसंग लांबवतो किंवा आवरता घेतो. पॉडकास्ट करणारा बंद खोलीत एकटा बोलतो. लखनौच्या जून महिन्यात तर त्याला पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून बसावे लागते, कारण माइकला शब्दाइतकीच घरघरही ऐकू येते. भिंतींवरून आवाज उलटतो म्हणून मागे गादी उभी करायची किंवा कपड्यांचे कपाट उघडे ठेवायचे. माइक तोंडापासून साधारण एक वीत आणि जरासा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही. अर्ध्या तासाचे बोलणे ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत जेमतेम १४ एमबी होते. स्वस्त फोन आणि कमकुवत नेटवर्क असलेल्या गावातही ते उतरते. हे मला फार मोठे वाटते.

आता तक्रारीकडे येतो. पॉडकास्ट म्हणून आज जे समोर येते त्यातले बरेच फक्त यूट्यूबवर किंवा एकाच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असते. त्याला खुली फीडच नसते. श्रोते तिथे आहेत, कमाई तिथे आहे, हे खरेच. नव्या निवेदकाने तिकडे पाठ फिरवावी असे मी म्हणणार नाही. पण २०२४ साली गूगलने आपले पॉडकास्ट अ‍ॅप बंद केले तेव्हा काय झाले ते पाहा. श्रोते आपली यादी घेऊन दुसऱ्या अ‍ॅपवर गेले आणि तेच कार्यक्रम तिथे ऐकू लागले. फीड कार्यक्रम करणाऱ्यांकडे होती, म्हणून हे जमले. ज्याचे सगळे काम एकाच कंपनीच्या आवारात आहे, त्याला ही सोय नाही. कंपनीचे धोरण बदलले की त्याचा श्रोताही तिथेच अडकतो.

म्हणून आजीच्या ओव्या, गावचा तमाशा किंवा वऱ्हाडीतल्या गोष्टी आवाजात उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पहिला भाग टाकण्याआधी होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवर जागा, देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: फीड माझ्या नावावर राहील का, आणि उद्या ती दुसरीकडे हलवता येईल का? उत्तर नाही असेल तर दुसरी जागा शोधा. आणि काहीही झाले तरी मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवा.