आपलेपणाची कसोटी

1978 साली अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने 'सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली' हे मोठ्या आकाराचे चित्रकथेचे पुस्तक काढले. 2010 मध्ये ते पुन्हा छापले गेले. लहान वयात अशा पुस्तकात आपण ठोसे पाहतो. इतक्या वर्षांनी ते हाती घेतले की ठोशांमागचा प्रश्न दिसू लागतो.

परग्रहावरचे आक्रमक धमकी देतात: पृथ्वीने आपला सर्वश्रेष्ठ योद्धा आमच्या मल्लाशी लढवावा, नाहीतर विनाश अटळ. सुपरमॅन पुढे होतो. अली त्याला अडवतो. तू तर मुळात या पृथ्वीचा नाहीस, असा त्याचा आक्षेप.

आक्षेप खराच आहे. सुपरमॅनचा जन्म क्रिप्टॉनवरचा. पण तो अलीच्या तोंडी यावा, हे खटकते. 1964 मध्ये जगज्जेता झालेल्या अलीने धर्म आणि नाव बदलल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी त्याला जुन्याच नावाने हाक मारणे चालू ठेवले. 1967 मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, देशनिष्ठेवर बोट ठेवले गेले. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. 'तू आमचा नाहीस' या वाक्याची धार त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आम्हालाही ते वाक्य अनोळखी नाही.

कथा या प्रश्नाचे उत्तर जन्मावरून देत नाही. दोघांची झुंज लाल सूर्याखाली होते. तिथे सुपरमॅनच्या शक्ती चालत नाहीत. तो रक्तबंबाळ होतो, पण कोसळत नाही. तेव्हा जिंकत असलेला अलीच पंचाला लढत थांबवायला सांगतो. पुढे हरलेला सुपरमॅन वेष पालटून शत्रूचे आरमार निकामी करतो आणि शत्रूचा मल्लही आपल्या सरदाराच्या दगाबाजीविरुद्ध उभा राहतो. माणूस कुठला, हे त्याच्या वागण्यावरून ठरते, असे ही कथा सांगते. 'मीच श्रेष्ठ' म्हणणारा अली शेवटी 'आपण श्रेष्ठ' म्हणतो.

तरीही एक शंका उरते. जन्मापेक्षा आचरणाची कसोटी नक्कीच उदात्त. पण ती काहींनाच द्यावी लागत असेल, तर? ज्यांना कधीच कोणी विचारले नाही, त्यांनी आपले आपलेपण कुठे सिद्ध केले? कसोटी सर्वांना सारखी असेल तरच तिला इन्साफ म्हणता येईल. एरवी रक्त सांडून मिळालेले आपलेपण ही केवळ मेहरबानी ठरते, आणि मेहरबानी कधीही काढून घेता येते.